एका मिसळीपायी सतरा माणसं

आमच्या ऑफिसात किस्से शोधायला लागत नाय. कॉम्प्युटर चालू केला का जमायला लागतात. कॉलेजने मला वर्षभर पालघरला धाडलं, आरोग्य संशोधनवाल्यांकडे, प्रोग्रामर म्हणून. बारावीत आपटून डिप्लोमात घुसलेला मी. पण गळ्यात ओळखपत्र आलं आणि आईसुद्धा मला दबकून बोलायला लागली.

पहिला किस्सा पैजेचा. बायांच्या अंगात रक्त किती, याचा गावोगाव सर्व्हे होता. ज्यांचं कमी, त्यांची नावं गोळ्यांसाठी दवाखान्यात जाणार. सर्व्हेच्या ताया घरोघर फिरून टॅबवर फॉर्म भरणार, तो फॉर्म मी बनवायचा. आठवड्याचं काम. माझा सीनियर मिश्राभाई, बोईसरचा, बोलला, "शाम तक बना के दिखा. मिसल मेरी तरफ से." मी हो बोललो.

बाई घरी नसेल तर फॉर्म कारण विचारायचा: मृत, नकार, नायतर कामाला बाहेरगावी. तिसऱ्याच्या पोटात अजून सहा प्रश्न, कुठं गेली, कधी येणार. मी तिसरं कारणच उडवलं. सोमवारी टाकू म्हटलं. मिसळ झणझणीत होती. सोमवारी विसरलो.

*

सर्व्हेतली सगळ्यात जुनी आमची कुंदाताई. सातपाटीला तिनं एका मावशीला विचारलं, आठवड्यातून मासे किती वेळा? मावशी बोलली, चौदा. माझा फॉर्म सातच्या पुढं घेईना, लाल व्हायचा. मावशीनं टोपली खाली ठेवली.

"तुज्या मोबाईलला मासे पचत नाय का गो?"

*

एकदा मी आमच्या ऑफिसच्या मोठ्या सरांची स्क्रीन उलटी करून ठेवली. दोन बटणांचं काम. सर अर्धा तास मान वाकडी करून मेल वाचत बसले. मग आमा सगळ्यांना बोलावून व्हायरसवर लेक्चर दिलं. मी वहीत लिहून घेतलं.

*

दिवाळीनंतर कुंदाताई मासवणकडच्या एका पाड्यावर गेली. घरांना कुलपं. माणसं वीटभट्टीवर. फॉर्म कारण विचारतोय. नकार दाबला तर बाईचा अंगठा मागतो, आणि बाई तर भट्टीवर. कारण भरल्याशिवाय पुढचं घर उघडत नाय. ताईनं उन्हात उभं राहून मला फोन केला.

मी गेम खेळत होतो. बोललो, "ताई, दाबा काय पण, पुढं चला."

ताईनं मृत दाबलं. सतरा वेळा.

*

भट्ट्या बंद झाल्या तशी त्या सतरातली एक, जानी, गावी परतली आणि दवाखान्यात गेली. सातवा महिना, चेहरा पांढराफटक. नर्सनं आमच्या सर्व्हेची यादी बघून सांगितलं, तू तर मेलीस, गोळ्या नाय तुला.

जानी बोलली, "मेले तं मेले. पोटातल्याच्या तरी दे."

*

सरांनी मीटिंग घेतली. ताईनं घरबसल्या खोटे फॉर्म भरले, असं त्यांचं ठरलंच होतं. तिचं काम बंद करायचं पत्र टेबलावर तयार होतं. ताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. मला केलेल्या फोनबद्दल एक शब्द बोलली नाय. फक्त म्हणाली, "सर, मी गेले होते. पायानं गेले होते."

मिश्राभाईनं टेबलाखालून माझा पाय दाबला. गप बस म्हणून.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. मी उभा राहिलो.

"सर, ताईनं नाय मारली ती माणसं. मी मारली. सतराच्या सतरा."