मे महिन्यातली माझी रजा

पाचशेची नोट तिने माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी बंद केली.

"मावशी, ही तुमची. मालकांना सांगू नका हां."

मालक म्हणजे सुनील. माझा सख्खा धाकटा दीर, मुंबईला असतो. तो तीन पावलांवर गाडीच्या डिकीत बॅगा कोंबत होता. त्याने ऐकलं. मान वर केली. माझ्याकडे बघितलं. आणि परत बॅग ढकलायला लागला.

मी उभी. एका मुठीत नोट, दुसऱ्या हातात त्यांच्यासाठी बांधलेली कोकमाच्या सोलांची पिशवी. पदर खोचलेला, हाताला सुरमईचा वास, केसांत चुलीची राख. त्या बाईला तरी दोष कसा देऊ? त्या घडीला आरसा समोर असता तर मीसुद्धा स्वतःला टिप दिली असती.

ह्या घरात मी लग्न होऊन आले त्याला चोवीस वर्षं झाली. घराचे हिस्से दोन, एक आमचा आणि एक सुनीलचा. सासू-सासऱ्यांचं मरेपर्यंतचं मीच केलं, देवाजवळचा दिवा मीच लावते. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, "थांबा हो, मी ह्याची वहिनी." शब्द अगदी दातांपर्यंत आले होते.

मी म्हटलं, "परत या."

गाड्या गेल्या. मी मागच्या दारी भांडी घासायला बसले. सात माणसांची चार दिवसांची भांडी. मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या डोक्यात तो नेहमी सावकाशच पडतो, लाइट गेल्यावर आमच्या गावात परत यायला वेळ लागतो तसा. चार दिवसांत सुनीलने मला एकदाही 'वैनी' म्हणून हाक मारली नव्हती. नाहीतर एरवी गाडीतून उतरायच्या आधीच "वैनी, चाय टाक गो" सुरू होतं. ह्यावेळी पाहुण्यांना तो एवढंच म्हणाला होता, "इथलं सगळं ह्या बघतात." मी तर खूश झाले होते. वाटलं, दिराने चारचौघांत कौतुक केलं.

मालवणपासून आमचं गाव पंधरा मिनिटांवर. मागच्या दारी माडांची रांग, तिच्यापलीकडे समुद्र. लोक हप्ते भरून हा समुद्र बघायला येतात. मी त्याच्याकडे पाठ करून भांडी घासते. हे, म्हणजे माझे यजमान, मालवणात एका दुकानात कामाला. मी अंगणवाडीत मदतनीस. मानधन येतं तेव्हा येतं. वर्षातून हक्काची रजा पंधरा दिवस, तीही मे महिन्यातच. आणि मे महिन्यातच मुंबईचे चाकरमानी गावी येतात. त्यांची सुट्टी आणि माझी रजा दर वर्षी एकाच दारातून आत शिरतात, आणि आतल्या खोलीत कोण जाणार आणि चुलीजवळ कोण बसणार हे कधी ठरवावं लागत नाही.

त्या वर्षी मात्र मी ठरवलं होतं. आईला आगगाडीत बसवायचं.

माझं माहेर कसालजवळचं. भातशेती, थोडे काजू. घरातून रोज गाडीची शिट्टी ऐकू येते. आई ऐंशीच्या घरात आली, पण गाडीत कधी बसली नाही. जायचं तरी कुठे होतं तिला? माहेर पलीकडच्या वाडीत, लेक मालवणला, एसटी दोन्हीकडे. एकदा म्हणाली, "रोज शिट्टी आयकतंय. आत काय आसा ता एकदा बघूचा आसा."

एवढंच. काशी नको, रामेश्वर नको. आत काय आहे ते बघायचं होतं.

मी बेत केला. स्टेशनवरून मडगावला जायचं, एक रात्र लॉजमध्ये राहायचं, दुसऱ्या दिवशी परत. खरं सांगते, आईचं निमित्त, निम्मा स्वार्थ माझा. सकाळी उठल्यावर कुणीतरी चहा आणून द्यावा आणि कप मला धुवायला लागू नये, एवढी एकच चैन मला आयुष्यात करायची होती. वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे करून सहा हजार जमवले. तांदळाच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत. आमच्या सबंध घराण्याने सहलीसाठी बाजूला काढलेले हे पहिले पैसे. एका महिन्याच्या मानधनाला थोडेच कमी.

दिवस ठरला. आईने लुगडं काढून ठेवलं. आणि चार दिवस आधी सुनीलचा फोन.

"वैनी, मित्र येतत. सगळी मिळान सात माणसां आमी. घरचीच समज."

मी आईला फोन केला. सुनीलचे पाहुणे येतायत म्हटलं, तर तीच म्हणाली, "पावणे पयले गो. गाडी खंय पळान जातली?"

आई विनोद करत नव्हती. तरी आम्ही दोघी हसलो. पुढच्या मेमध्ये नक्की, असं मी म्हटलं.

मग ते चार दिवस. मासे कुठले आणायचे विचारलं, तर हे म्हणाले, "बांगडे हाडूया." मी म्हटलं, "दिराचे मित्र ते, बांगड्यार भागवूचा?" माझा मोठेपणा हा असा. सकाळी मालवणच्या बाजारात गेले आणि सुरमईचा भाव ऐकून गप्प उभी राहिले. मासे विकणारी ओळखीची. म्हणाली, "काय गो, लॉटरी लागली?" मी म्हटलं, "पावणे इले." ती म्हणाली, "म्हंजे लागली नाय."

पहिल्या दिवशी सुरमई, दुसऱ्या दिवशी पापलेट, तिसऱ्या दिवशी कोंबडी-वडे, चौथ्या दिवशी परत सुरमई, कारण त्यांच्यातल्या एकाला ती आवडली. तांदळाच्या डब्यातली पिशवी रोज पातळ होत गेली. चौथ्या दिवशी डब्यात फक्त तांदूळ होते.

नोट देणारी ती बाई स्वभावाने चांगली होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल, तरी मावशी म्हणायची. दुपारी स्वयंपाकघरात येऊन बसायची. म्हणाली, "मावशी, उद्याच्या माशांचे वेगळे पैसे आम्ही देऊ का?"

मी म्हटलं, "छे हो. घरच्या पाहुण्यांकडून कोण पैसे घेतं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर जाऊन सगळ्यांना म्हणाली, "किती साधी माणसं आहेत ही."

मला म्हणाली, त्यांचे दोन महिन्यांचे पगार दर वर्षी फिरण्यावर जातात. गेल्या वर्षी परदेशात जाऊन आले, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. "पण काय करणार मावशी, वर्षभर मरमर काम करतो. ह्याच्यासाठीच तर जगायचं." मला तिची दया आली. मी तिला तव्यावरचा आणखी एक तुकडा वाढला.

आज हिशेब मांडते. त्या वर्षी कमाईच्या मानाने सुट्टीवर भरपूर खर्च करणाऱ्या घरांत आमचंही घर बसेल. जवळपास एका महिन्याची माझी कमाई मी चार दिवसांच्या सुट्टीवर उधळली. आणि आमच्या घरातलं कुणी अंगणाच्या बाहेर पडलं नाही.

पौषात आई गेली. तीन दिवस ताप, बस्स.

दिवसकार्याला आम्ही भावंडं बसलो होतो. भाऊ म्हणाला, "तुका म्हायत नाय. तुझो तो गाडयेचो दिवस होतो ना, त्या दिवशी आयेन माका स्टेशनार न्हेवक लायल्यान." तेच काढून ठेवलेलं लुगडं नेसून आई फलाटावरच्या बाकावर तासभर बसली होती. एक गाडी आली, थांबली, गेली. भाऊ म्हणाला, चल, एक स्टेशन पुढे जाऊन येऊ. तर नको म्हणाली. "चेडवावांगडा जातलंय." लेकीबरोबर जाईन. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "खिडक्यो किती त्यो."

त्या दिवशी, त्याच वेळी, मी सोलकढी ढवळत होते. पाहुण्यांतला एक जण तीन वाट्या प्यायला आणि म्हणाला, एकदम ऑथेंटिक.

फेब्रुवारीत त्या बाईचा फोन आला. सोलांसाठी नंबर घेऊन ठेवला होता तिने. "मावशी, ह्या मेमध्ये माझी बहीण यायचं म्हणतेय. सुनीलना फोन लागत नाहीये. रेट तोच ना? दिवसाला माणशी दोन हजार, जेवणासकट?"

मी म्हटलं, "विचारून सांगते."

फोन ठेवला आणि तिथेच, उंबऱ्यावर बसले. सहा पाहुणे, चार दिवस. मला बेरीज-गुणाकार लवकर जमत नाही, पण हा जमला. माझं सहा महिन्यांचं मानधन सुनीलच्या खिशात गेलं होतं. माझ्या सुरमईसकट. माझ्या आईच्या तिकिटासकट. आणि मी त्या बाईला सांगितलं होतं, घरच्या पाहुण्यांकडून पैसे घेत नाही.

शिमग्याला सुनील आला. ओटीवर बसला. बाजूला हे. मी चहा दिला. सवय.

"वैनी, मेच्या पयल्या आठवड्यात आठ माणसां येतली," तो म्हणाला.

मी म्हटलं, "दिवसाक दोन हजार?"

त्याचा कप अर्ध्यात थांबला. मग त्याने कप खाली ठेवला आणि बोलायला लागला. मालवणीत नाही. ऑफिसातल्या मराठीत.

"वहिनी, तुम्हाला वाटतं तेवढं त्यात सुटत नाही. बाथरूम कुणी बांधलं? एसी कुणी लावला? आणि तसं बघायला गेलं तर तुम्ही ह्या घरात फुकटच राहताय ना इतकी वर्षं?"

चोवीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. माणूस मान देऊनही किती लांब ढकलू शकतो ते त्या दिवशी कळलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. म्हणाले, "जावंदे गो."

जाऊ देता देता चोवीस मे गेले होते. जाऊ देता देता आई गेली होती.

"येवंदेत तुझी माणसां," मी सुनीलला म्हटलं. "तुझ्यो दोन खोल्यो तुझ्यो. चूल माझी. मी पेटवूचंय नाय."

"मगे त्येंका जेवाक कोण घालतला?"

"तू."

तो हसला. "माका खंय येता?"

"माका पण येय नाय होता. शिकलंय."

मग त्याने शेवटचं काढलं. "आमची आये आसती तर तू असां बोलली नसतंस."

मी म्हटलं, "माका पण आये होती. तिका गाडयेत बसाचा होता."

"खंयची गाडी?"

त्याने विचारलं. निदान आता तरी विचारलं. मी सांगितलं नाही. त्याला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. मी कप उचलला नाही. तो तिथेच राहिला, संध्याकाळपर्यंत, मुंग्या लागेपर्यंत. शेवटी ह्यांनी विसळला.

त्याच आठवड्यात मी त्या बाईला फोन केला. म्हटलं, "मी सुनीलची वहिनी बोलते. ते घर अर्धं माझं आहे." मग ती म्हणाली, "ताई, आम्हाला खरंच माहीत नव्हतं." मी म्हटलं, "मलाही."

बहिणीचं काय करायचं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सुनीलने आठ जणांचे आगाऊ पैसे घेतलेत, असं हे म्हणाले, तेव्हा ते येतीलच. गावात बोलणं सुरू झालंय. वैनीक डोक्यार चढवून ठेवलेली. पावण्यांका जेवाक घालणा नाय. सुनीलची बायको, माझी जाऊ, माझा फोन उचलत नाही. हे रात्री कूस बदलत असतात. एकदा म्हणाले, ते येतील तेव्हा तू भावाकडे जाऊन राहा हवं तर. म्हणजे मी तोंड लपवायचं.

रजेचा अर्ज मी दिलाय. पहिले पंधरा दिवस. मडगावला जाणार नाही. ज्या गाडीत आई बसली नाही त्या गाडीत मला काही बघायचं नाही. भावाकडेही जाणार नाही. मी इथेच राहणार. सकाळी आमच्या दोघांपुरती चहा-भाकरी करून चूल विझवणार आणि मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसणार. समुद्राकडे तोंड करून. गाड्या येतील, बॅगा उतरतील, कुणीतरी हाक मारेल, "मावशी, जरा पाणी मिळेल का?"

पाणी विहिरीत आहे, असं मी सांगेन. जेवण सुनीलला विचारा. आणि मी कोण, असं कुणी विचारलं तर नाव सांगेन, नातं सांगेन, हिस्सा सांगेन.

पण उठणार नाही.