गळ्यात मीठ

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं केलं ते बिरडं सोलायचं काम. म्हणजे सोललं तिनं, मी वाचत बसलो. मोड आलेले वाल पाण्यात घालून ती ओटीवर बसली होती. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, पण वालाला डोळे लागत नाहीत. बोटांनी दाबलं की दाणा सालीतून सुटतो. मी पवित्र शास्त्रातली, बायबलातली, घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट वाचत होतो. सगळं उधळून तो परत येतो आणि बाप त्याला जवळ घेतो, ती. तिथवर आलो तशी ती म्हणाली, "आता मीठ घाला." दोघंही हसलो. बिरडं झाकून ती जरा आडवी झाली. चहाला उठवायला गेलो तर उठली नाही.

हे मीठ काय ते सांगतो.

मी पेणच्या खाडीकडचा, मिठागरातला माणूस. शाळा दुसरीपर्यंत. प्रभूच्या कामाला लागलो तेव्हा गडबच्या बाजूला सात-आठ घरांची ख्रिस्ती मंडळी होती, तिथं रविवारची उपासना चालवायला मला उभं केलं. आवाज मोठा होता म्हणून. वाचता धड येत नव्हतं. बायको सातवी पास. शनिवारी ती मला धडा चार वेळा वाचून दाखवायची, रविवारी मी पुस्तक हातात धरून तोच पाठ म्हणायचो. लोकांना वाटायचं, वाचतोय. अशी लबाडी मी चार वर्षं केली. देवाच्या घरात केली.

मग आमचे मोठे पाळकसाहेब म्हणाले, "उन्हाळाभर सुटी घे, अभ्यास कर. पावसाआधी मी येतो. सगळ्यांसमोर वाचून दाखवलंस तर तू पाळक. नाहीतर दुसरा माणूस बघतो." मिठागरात परत जायला मला कसली लाज? पण लबाड ठरून जायचं नव्हतं.

रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीला तिचं माहेर. दोन्ही मुलींना घेऊन तिथं राहिलो. मोठीचं पहिलीचं पुस्तक होतं, त्यावरच माझाही अभ्यास. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "जावयाला पाटी आणू का गो?"

"आण. खडू पण आण," ही म्हणाली.

सकाळी मुलींना कुंडलिकेवर डुंबायला न्यायचं, दुपारी पडवीत ही वाल निवडणार आणि मी बोट ठेवून वाचणार. एक दिवस शास्त्र उघडलं तर तीच गोष्ट निघाली. मी वाचलं, बापानं धावत जाऊन पोराच्या गळ्यात मीठ घातलं.

"गळ्यात काय घातलं?"

"मीठ."

"कशाला वो? लोणचं घालायचंय का पोराचं?"

सासूबाई आतून हसायला लागल्या. मी चिडलो. हिनं पाटीवर दोन्ही शब्द लिहिले. मीठ. मिठी. "ठ वरची वेलांटी कुठं गेली? नुसतं म आणि ठ बघून तुमी पुढं पळता."

खरंच होतं. जन्म मिठात गेलेला, म आणि ठ दिसले की पुढचं तोंड आपोआप म्हणायचं. माझी प्रार्थनाही तशीच, हे मला तेव्हा कळलं. पहिला शब्द निघाला की बाकीचे आपोआप बाहेर. त्या उन्हाळ्यात मी एकेका शब्दावर थांबून प्रार्थना करायला शिकलो. वेळ फार लागायचा, पण बरं वाटायचं. आणि घरात मिठीचं मीठ झालं ते झालंच. निजायच्या आधी मुली मागे लागायच्या, "बाबा, मीठ घाला." त्यांच्या आईलाही लागायचं.

पावसाआधी साहेब आले. म्हणाले, "तू नेहमी घर सोडून गेलेल्या ज्या मुलाबद्दल बोलतोस त्याचीच गोष्ट वाच. पण पाठ नको. शब्दावर बोट ठेव."

त्या शब्दाशी बोट आलं आणि मी थांबलो. मान वर केली तर मागच्या रांगेत हिनं धाकटीला ओढून छातीशी घट्ट धरलं होतं. मी खाली बघितलं. ठ वर वेलांटी होती. मिठी, असं मोठ्यानं वाचलं.

वाचून झाल्यावर चार वर्षांचं सगळं सांगून टाकलं. मंडळीतली एक म्हातारी बसल्याजागी म्हणाली, "आमाला ठाव हाय रं. चार वर्षं तुजं एकच पान उघडं असायचं."

मी पाळक झालो. पुढं कितीतरी वर्षं मीच तिला वाचून दाखवत आलो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कबरस्तानात आताचे तरुण पाळक म्हणाले, "आजोबा, वाचन मी करू का?"

"नाय. मीच करतो," म्हटलं.

तीच गोष्ट काढली. बोट ठेवून वाचलं. त्या शब्दाशी आलो, नीट बघितला, आणि मोठ्यानं वाचलं, मीठ.

पाळक कानाशी वाकून हळूच म्हणाले, "मिठी."

"वाचता येतं मला," मी म्हटलं. समोर माझ्या दोन्ही मुली उभ्या होत्या, त्या रडता रडता हसल्या. मी बोट पुढच्या शब्दावर ठेवलं आणि शेवटपर्यंत वाचलं.