इंग्रजी पोथीला मांडलेला पाट

भुताखेतांच्या गोष्टी सांगत बसणाऱ्या माणसाला मी आजवर कधी दुसरा चहा विचारलेला नाही. जन्मभर गणित शिकवलं. अंगात येणं, झपाटणं, करणी... हे सगळे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं मी तोंडावर सांगत आलो आणि त्यापायी काही सोयरेही दुखावले. तुमच्या या सदरात दर महिन्याला कुणाला तरी पिंपळाखाली पांढरी साडी दिसते, ते वाचून माझं डोकं उठतं. माझ्या बाबतीत जे घडलं त्यात पिंपळ नाही आणि अमावस्याही नाही. शाळेचं एक इंग्रजी पुस्तक आहे, बस्स.

मी मूळचा पालीचा, राजगडाच्या पायथ्याचा. तिकडे इंग्रजी शिकायची सोय नव्हती, म्हणून भोरला आत्याकडे राहिलो. तिसाव्या सालानंतरचा काळ, संस्थान अजून होतं. नदीकडच्या आळीत आत्याच्या दोन खोल्या – एक बाहेरची, एक स्वयंपाकाची. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, मुंबईला गिरणीत, सणावाराला यायचे. घरात आत्या, मी आणि आत्याची ठकू, वय वर्षं सहा. ठकूच्या पाठचा ज्ञानू मी तिथं राहायला आल्यावर देवीच्या साथीत गेला होता. नीट चालायलाही लागला नव्हता बिचारा. त्यानंतर आत्याची कूस उजवली नाही. ठकूला नुसती शिंक आली तरी आत्या हातातलं पीठ तसंच ठेवून धावायची.

मॅट्रिकच्या वर्गाला आम्हाला एक इंग्रजी कादंबरी लावली होती. कुठल्याशा थंड मुलुखातलं एक दगडी घर, कुलूप घातलेल्या खोल्या, सतत वारा. त्या घरातल्या बाईचं तान्हं पोर नाहीसं होतं. बाई मरते. कशी मरते ते लेखक लवकर सांगत नाही. पण मेल्यावरही ती पोर शोधत घरात फिरते आणि दुसऱ्यांच्या लेकरांच्या उशाशी जाऊन बसते. आम्ही शेतकऱ्यांची पोरं, आम्हाला शब्दच कळेनात, भीती कसली वाटणार!

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांची एक पद्धत होती. वर्गात झालेलं प्रकरण घरी मोठ्यानं वाचायचं आणि मग घरच्या माणसांना मराठीत सांगायचं. “घरच्यांना सांगता आलं तरच तुला समजलं, नाहीतर नुसती पोपटपंची,” म्हणायचे. मी दिवेलागणीला बाहेरच्या खोलीत मांडी घालून बसायचो, पुढ्यात पुस्तक, आणि सुरू.

पहिल्याच दिवशी आत्यानं आतून पाट आणला, माझ्यासमोर मांडला, त्याला हळदकुंकू लावलं आणि ठकूला घेऊन बाजूला बसली.

“ह्यो कुणाला गं?” मी विचारलं.

“पोथी वाचतोस न्हवं? ऐकायला येनाऱ्यानं काय उभं ऱ्हायाचं व्हय?”

आमच्याकडे रामाची पोथी लागली की मारुतीला पाट मांडायची रीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. मी खो खो हसलो. “आगं आत्या, ही साळंतली कादंबरी हाय. इंग्रजी! हिला कोन येनार?”

“जिची गोष्ट तिला म्हाईत. तू वाच.”

तर असं आमचं इंग्रजी पारायण सुरू झालं. आत्याला गोष्ट फार आवडली. “पोर न्हेलं गं बाई तिचं... कुठं ठिवलं आसंल मेल्यानं,” असं ती भाकरी थापतानाही पुटपुटायची.

पुढं एका संध्याकाळी वाचता वाचता मान वर केली, तर ठकू पाटाकडे बघून सरकून बसत होती. कुणाला जागा करून द्यावी तशी.

“काय गं?”

“बाई वली हाय, दादा. समदी वली.”

आत्यानं तिला दटावलं. दुसऱ्या दिवशी ठकू म्हणाली, बाईनं मांडीवर घेतलं होतं. तिच्या पदराला खारट खारट लागतं. मी म्हटलं, पोरीला गोष्ट बाधली, झोपेत बडबडते तशी बडबडतेय. पण आत्यानं तिचे केस विंचरायला घेतले आणि तिचा हात थांबला. केस ओले होते. पाऊस नव्हता, पोर नदीवर गेली नव्हती. आत्यानं बोट जिभेला लावलं आणि म्हणाली, “खारं हाय.”

त्या रात्री ठकूला ताप भरला. वैद्यांचा काढा झाला, सरकारी दवाखान्याचं औषध झालं. ताप हटेना. पोर गारठून कुडकुडायची आणि अंग मात्र चटका बसेल इतकं तापलेलं. डोळे पाटाच्या दिशेला. पाट आत्यानं उचलून आत ठेवला होता, तरी नजर त्या जागेवरच.

मी पुस्तक दप्तराबाहेर काढायचं बंद केलं. पण शाळा काही बंद नव्हती. भर दुपारी, चांगल्या उन्हात, मास्तरांनी पुढचं प्रकरण वाचलं. त्यात ती बाई कशी मेली ते आलं. पोर सापडेना म्हणून ती समुद्रात चालत गेली होती.

मी बाकावरून कधी उठलो मलाच कळलं नाही.

“काय रे, उभा का राहिलास?” मास्तर म्हणाले.

काय सांगणार, कपाळ! मुंबईचे मामा सोडले तर भोरच्या आमच्या आळीत कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. मी नाही, आत्या नाही, ठकू तर नाहीच नाही. गोष्टीत तोवर समुद्र हा शब्दसुद्धा आला नव्हता, मी मुद्दाम मागची पानं चाळून पाहिली. मग त्या पोरीला खारट कुठून लागलं?

घरी पळत आलो आणि आत्याला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, छाती पिटेल. ती आत जाऊन ठकूचं पांघरूण सारखं करून आली. मग म्हणाली, “पाट म्या मांडला. बसा म्हन्लं. आता ऊठ कसं म्हनू?”

“पुस्तक जाळू या.”

“येडा का काय? घरी आलेलीला हाकलत्यात व्हय? मला येवढं सांग – तिचा न्हवरा हाय का?”

“पुस्तकात? हाय की. म्हातारा झालाय, पर हाय.”

“मंजी सवाशीण हाय. मग वटी भरून लावायची.”

दिवेलागण होती. आत्यानं पाट पुन्हा मांडला. खण, नारळ, तांदूळ सुपात घेतले. मग ट्रंक उघडली, तळातून एक झबलं काढलं. ज्ञानूचं. जुन्या लुगड्याचं शिवलेलं, बंदाचं. मी ते त्यापूर्वी फक्त एकदाच पाहिलं होतं, तो गेला त्या दिवशी.

आतल्या खोलीत ठकू कण्हत होती. आत्या पाटासमोर बसली, कुंकू लावलं, ओटी ठेवली, आणि अगदी शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

“बाई, लेकरू हवं न्हवं तुमास्नी? ही न्हाई मिळायची. ही माझी येकच हाय. पर माझा ज्ञानू तुमच्याच बाजूला हाय. लई ल्हान गेला वो. त्याला कुनी न्हाई तिकडं. रात्रीचा घाबरतो त्यो, पाठीवर थापटल्याबिगर झोपत न्हाई. त्याला घ्या. म्या दिला तुमाला.”

एवढं बोलून तिनं झबलं तांदळावर ठेवलं. आणि मग मात्र जी रडली... ज्ञानू गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती. मीही रडलो. आज इतक्या वर्षांनी ते सांगायला लाज वाटत नाही.

बाहेरच्या खोलीला आतून कडी होती. मी तिथंच, दाराला पाठ लावून झोपलो होतो. पहाटे आत्यानं हलवून उठवलं. ठकू घाम येऊन मोकळी झाली होती, पेज मागत होती.

पाटावर नारळ होता, खण होता. तांदूळ भिजून फुगले होते. त्यातले दोन दाणे मी तोंडात टाकले. खारट. झबलं नव्हतं.

मी आत्याला आडवंतिडवं विचारलं, तूच उचललंस का, तूच पाणी ओतलंस का. तिनं ठकूच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हटलं. ठकूच्या डोक्यावर हात ठेवून आत्या खोटं बोलणार नाही, हे मला गणितापेक्षा पक्कं ठाऊक आहे. एवढंच म्हणाली, “पोथीत म्होरं काय लिवलंय ते मला सांगू नगंस.”

मी सांगितलं नाही. वर्गात कादंबरी संपली, मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो. आत्या ज्ञानूसाठी पुन्हा कधी रडली नाही.

संस्थान विलीन झालं त्या सुमारास आत्या गेली. शेवटच्या दुखण्यात एकदा माझा हात धरून म्हणाली, “दत्तू, त्या पोथीचा शेवट काय व्हता रं? गावलं का लेकरू तिला?”

“गावलं, आत्या.”

“मला ठावं व्हतंच. पर लिवलंय बी तसंच... बरं झालं.”

पुस्तकात तिला पोर मिळत नाही. शेवटच्या पानापर्यंत ती फिरतच राहते.

दिवस-कार्य झाल्यावर मी आत्याची ट्रंक उपसली. एकेक लुगडं झटकून पाहिलं, तळाचा कागद काढला, कोपरे चाचपले. ठकू दारात उभी होती, तिचं पोर कडेवर. त्या आजारातलं तिला काही आठवत नाही. “काय शोधतोस, दादा?” म्हणाली. मी म्हटलं, काही नाही.

ते झबलं सापडलं असतं तर सगळ्याचा उलगडा झाला असता. आत्यानंच लपवलं होतं म्हणून मी मोकळा झालो असतो. ट्रंक तळापर्यंत रिकामी केली तरी ते नव्हतं. याचा अर्थ काय लावायचा ते मला आजही कळत नाही, आणि कुणी समजावूही नये. कारण खरं सांगू? ते सापडलं नाही तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.