यादीत मीठ नव्हतं

सुशे, इकडं ये, अशी माझ्याजवळ बस. आत्याच्या दहाव्याला सकाळच्या मोटारीनं आलीस आणि जेवून दुपारच्या मोटारीनं सांगलीला परत! एवढी कसली गं घाई? तुझं बोलणं राहिलं, माझंही राहिलं. समोर नाहीस म्हणून आता कागदावर बोलते. दुसरं कुणी वाचलं तरी वाचू दे.

तुझी आत्या, म्हणजे माझ्या अंबूवन्सं. मी सांगलीहून लग्न होऊन महाबळेश्वरात आले तेव्हा त्या तिशीच्या असतील. अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं, अंगावर विधवेचं लाल आलवण. आपल्या माडीच्या खिडकीतून बाजार दिसतो, शंभर पावलंसुद्धा नाहीत. सीझनला बाहेरगावच्या बायका छत्र्या घेऊन तिथं हिंडायच्या, काठ्या घ्यायच्या, चपला घ्यायच्या, मधाच्या बाटल्या उन्हाकडं धरून बघायच्या. वन्सं खिडकीच्या कडेला उभ्या राहून डाळ निवडत निवडत ते सगळं बघत. पण खाली जायची सोय नव्हती. पहाटे देवळापर्यंत जाऊन यायचं, तेवढीच त्यांची वाट. मलाही बंदीच होती, पण मला निदान माहेर होतं...

एक काम मात्र त्यांच्याशिवाय व्हायचं नाही, आगोटीची, पावसाळ्याच्या बेगमीची यादी. चार महिने घराला गवताच्या झडी बांधल्या की आत दिवसासुद्धा कंदील लागतो. बाजार मिटतो, निम्मे दुकानदार वाईला उतरतात. म्हणून वैशाखातच सगळं भरून ठेवायचं. काय किती लागेल ते वन्संच्या बोटांवर. त्या लिहायच्या आणि मामंजी कागद वाण्याकडं धाडायचे. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वन्संनी मला अक्षरं शिकवली ती त्या यादीवरूनच. वर हळद, कुंकू, खाली मीठ, मग तांदूळ. स्वतःला लावता न येणारं कुंकू त्या किती वळणदार लिहायच्या!

लढाईचे दिवस होते, साखर-रॉकेल कंट्रोलवर. तू पाळण्यात होतीस. त्या वर्षी यादी मी वन्संना वाचून दाखवली. हळद, कुंकू, तांदूळ...

"वन्सं, मीठ?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "वाच पुढं," म्हणाल्या. मी वाचलं पुढं.

भर आषाढात मिठाच्या बरणीचा तळ लागला. मामंजी कंबर धरून अंथरुणात, तुझे वडील नोकरीला साताऱ्यात, आणि पावसानं गडीमाणूस फिरकेना. मामंजींनी आमटीचा एक भुरका घेऊन वाटी सरकवली. सासूबाई म्हणाल्या, "अंबे, इतक्या वर्षांत तू कधी काही विसरली नाहीस!"

"विसरले खरी."

दोन दिवस अळणी जेवलो. तिसऱ्या दिवशी सासूबाईच कंटाळल्या. "जा बाई तूच. डोकं झाकून जा. इकडंतिकडं बघू नकोस."

खुंटीवरचं इरलं पाठीवर घेऊन वन्सं निघाल्या. शंभर पावलांना त्यांना दीड तास लागला. सासूबाईंनी दारात किती फेऱ्या घातल्या! आल्या त्या नखशिखांत भिजून. इरलं मिठाच्या पुडक्यावर पांघरलेलं. चुलीपाशी बसल्या तेव्हा मी हळूच विचारलं, "काय काय पाहिलंत?"

"काही नाही गं. सगळी दुकानं झडींत बांधलेली. धुकं इतकं, की स्वतःचा हात दिसेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले." मग हसल्या. "वाण्याच्या दाराशी गेले, तर आतून म्हणाला, 'कोण?' मी म्हटलं, 'गिऱ्हाईक!'"

तो शब्द त्यांनी दोनदा म्हटला. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

कारण दुसऱ्या दिवशी मामंजींनी मला बोलावलं. "सूनबाई, यादी तुम्ही वाचली होती. मीठ नव्हतं हे ध्यानात नाही आलं?" सुशे, 'नाही आलं ध्यानात, माझंच चुकलं' एवढं म्हणायचं होतं फक्त. नवी वाचणारी मी, कुणी काय केलं असतं? पण मी मान खाली घातली. मागून वन्सं म्हणाल्या, "चूक माझी आहे, बाबा."

"मग यापुढं यादी सूनबाई लिहितील."

झालं. त्यांच्या हातात होतं तेवढंही गेलं, आणि आलं माझ्याकडं. मामंजींच्या हुकमानं मी दर वर्षी मीठ सगळ्यांत वर लिहिलं, दुप्पट. पुन्हा कधी ते संपलं नाही. वन्संनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पुढं सासू-सासरे गेले, काळही बदलला. मी म्हणायची, "चला वन्सं, बाजारात जाऊन येऊ." त्या म्हणायच्या, "घरात सगळं आहे की. आता काय आणायचंय?" आणि खिडकीशी बसायच्या. शेवटच्या दिवशीही पाट तिथंच मांडायला लावला होता...

आता वैशाख लागलाय. झडीचं गवत अंगणात येऊन पडलंय. इरलं कधीच कुजलं, पण ती खुंटी तशीच आहे. काल यादी लिहायला बसले. हळद, कुंकू, तांदूळ. मीठ लिहिलं नाही. बरणीही धुऊन पालथी घातलीय.

तेव्हा झडी बांधायच्या आत ये बाई, आणि या खेपेला चांगली दोन दिवस राहायला ये. आपण दोघी बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालू, आणि मीठ घेऊन येऊ. तू येईपर्यंत मी अळणीच जेवणार आहे.