भरल्या गाडीवरची तार

तार खाली बांधली ती मी. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती. डांबराचा वास आला की अजूनही मी तिथून निघून जातो. कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा मी अमरावतीत तारखात्यात होतो. बाजाराच्या रस्त्यावर तार ओढायची होती. खालून भरलेली गाडी सुखरूप जावी, असा साहेबांचा हुकूम होता. दिवसभर डांबर लावलेले खांब रोवून मी थकलो होतो; कापसाने भरलेली गाडी उभी करून बांबूने उंची मोजली आणि ढिगाच्या जरा वर तार बांधली. पण त्या ढिगावर माणूसही बसतो, हे ध्यानात घेतलं नाही. दुसऱ्या सकाळी भातकुलीचा एक शेतकरी तसाच बसून आला आणि तार त्याच्या डोळ्याला कापून गेली. साहेबांनी विचारलं, तेव्हा नोकरीच्या भीतीने मी म्हणालो, "हा गाडीवर उभा होता." धोतराच्या सोग्याने रक्त टिपत तो म्हणाला, "बसूनच होतो ना बाबूजी! खोटं काहून बोलून राहिले?" साहेबांनी त्यालाच दटावून हाकललं. त्याचा डोळा गेला. इतकी वर्षं ते ओझं वाहून थकलो, आणि परवा भातकुलीला जाऊन त्याच्या ओट्यावर बसलो. म्हणालो, "दादा, तार मीच खाली बांधली, अन् साहेबापुढं खोटंही मीच बोललो. मले माफ करा."