क्लच, खोबरेल तेल आणि सुमनची मुलाखत

आमच्या गाडीला हॉर्न नव्हता. पण त्याची उणीव कधी भासली नाही. क्लचवर पाय ठेवला की गाडी स्वतःच अशी किंचाळायची, की समोरचा सायकलवाला सायकल टाकून कडेच्या शेतात उभा राहायचा!

गाडी जुनी, आधीच्या मालकानं वैतागून विकलेली. मी मुदखेडला शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळे यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता. (शाळेत यंत्र म्हणून फक्त घंटा होती.)

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नवी भरती. माझी धाकटी बहीण सुमन ही आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मुलगी. तिला तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं, दुपारी दोनला हजर व्हायचं.

"मी आपली बसनं जाते," ती म्हणाली.

"घरात गाडी असताना बस?" मी छाती फुगवून विचारलं. झालं! रेल्वेतून निवृत्त झालेले आप्पा पुढं बसले, दशम्यांचं गाठोडं घेऊन आई मागं सुमनजवळ बसली, आणि आम्ही निघालो.

नांदेडपर्यंत क्लच नुसता कुरकुरत होता. लोहा ओलांडलं आणि त्यानं गळा काढला.

"इंजिन शिट्टी देऊन राहिलं," आप्पा म्हणाले. "सिग्नल मिळाला नसंल त्याला."

"मांजर अडकलंय आत!" आई कळवळली. "थांबव रं आधी. मरंल ते!"

"मांजर नाही, आई. क्लचचं बेअरिंग आहे. कोरडं पडलंय."

"काय बी असू दे. भायेर काढ त्याला!"

त्या साली पाऊस आमचा पत्ताच विसरला होता. विहिरींचा तळ दिसत होता आणि गावंच्या गावं टँकरकडं डोळे लावून बसली होती. आणि आमच्या क्लचचा आवाज निघाला हुबेहूब टँकरच्या ब्रेकसारखा! एका गावात बैलगाडी आडवी आली म्हणून मी क्लच दाबला. किंऽऽऽक! क्षणात घराघरांतून घागरी, कळशा, बादल्या धावत आल्या आणि आमच्या गाडीला गराडा पडला.

"पानी कुठाय?"

"मावशी, ही मोटार हाय. टँकर न्हाई."

"मंग टँकरवानी बोंबलती कामून?"

एकीनं तर खात्री करायला डिकी उघडून पाहिली! आईला राहवलं नाही. तिनं आमचा प्यायच्या पाण्याचा कॅन एका म्हातारीच्या कळशीत रिकामा केला, तेव्हा कुठं वाट मिळाली. पुढच्या गावात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गावात तर लोक आधीच रांगेत उभे! (आवाज आमच्याही पुढं पोचला होता.)

"दादा, घड्याळ बघ की रे," सुमन रडवेली झाली.

आता विज्ञानालाच हाक मारायची वेळ आली होती. "आई, खोबरेल तेल आहे?"

"हाय की. सुमीच्या वेणीसाठी घेतलंय."

मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, क्लचच्या घराला एक फट दिसली, तिच्यातून अख्खी बाटली आत ओतली आणि गाडी सुरू केली. आवाज बंद! पार बंद! मी आरशातून सगळ्यांकडं विजयानं पाहिलं.

थोड्याच वेळात लक्षात आलं, की आवाजापाठोपाठ वेगही चाललाय. इंजिन बेभान घुमतंय आणि गाडी जागची हलायला तयार नाही. बेअरिंगला पाजलेलं तेल क्लचप्लेटनंही पिऊन घेतलं होतं! घर्षण नसेल तर पकड मिळत नाही, हे मी दरवर्षी सातवीला शिकवतो. खालून धूर निघाला. त्याला भाजलेल्या खोबऱ्याचा असा खमंग वास, की आप्पांनी दशम्या मागितल्या!

तेवढ्यात मागून खराखुरा टँकर आला. ड्रायव्हर गफूरभाई लातूरला पाणी भरायला चालला होता. सगळं ऐकून तो पोट धरधरून हसला. मग आमची गाडी दोरखंडानं टँकरला बांधली आणि सुमनला नि आईला आपल्या केबिनमध्ये बसवलं. आता तर प्रत्येक गावात घागरी धावणारच!

"रिकामा हाय, रिकामा!" गफूरभाई ओरडायचा.

"मंग मागल्या गाडीत बघा गं!" बायका आमच्याकडं वळायच्या.

लातुरात कचेरीच्या फाटकातून टँकर आत शिरला, तेव्हा त्याच्यामागं आम्ही आणि आमच्यामागं अर्धं शहर हंडे घेऊन! ढकलाढकली सुरू झाली. मोठे साहेब धावत बाहेर आले. "टँकर कुणी मागवला? काय गोंधळ आहे हा?"

केबिनचं दार उघडून सुमन उतरली. पदर खोचला आणि कडाडली, "टँकर रिकामा हाय! भरून आला की समद्यांना मिळंल. आधी रांग लावा. म्हाताऱ्या बाया पुढं या!"

आणि रांग लागली! साहेब बघतच राहिले. सुमननं पदर सोडला, घाम पुसला. "सर, मी मुलाखतीला आलेय. उशीर तर नाही ना झाला?"

तिला नोकरी लागली. टेबल मिळालं, तेही पाणीटंचाईचंच!

ती आत मुलाखत देत होती, तेव्हा आप्पा गाडीतून उतरले, आळस दिला आणि माझी पाठ थोपटून म्हणाले, "लातूरपतूर लई बेस चालवलीस बघ. ना आवाज, ना धक्का. अशीच चालवत जा!"

मी खाली वाकून बंपरचा दोरखंड सोडायला लागलो.