पाय ठेवण्याजोगा दगड

आई बाथरूममध्ये पडली त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याच फरशीवर मी पडलो होतो. हे मी कुणालाही सांगितलं नाही. कोपर सुजलं होतं, ते ऑफिसच्या दारावर आपटलं असं घरी सांगितलं. कारण फरशी मी निवडलेली. पांढरीशुभ्र, आत उभं राहिलं की दिवा पायाखाली दिसायचा. मळ्यातलं घर सोडून पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला तेव्हा बायको म्हणाली होती, बाथरूमपुरती जरा खरखरीत बघू या. खरखरीत मळ्यात होतंच की, असं मी तिला ऐकवलं होतं.

मग आई पडली. खुबा मोडला, प्लेट टाकावी लागली. भेटायला येणारे म्हणायचे, वय झालं, चक्कर आली असेल. मी मान हलवायचो. एकदा आईच म्हणाली, "माझंच ध्यान नव्हतं." तेव्हाही मी मान हलवली. त्या एका मान हलवण्याबद्दल आजवर कुठं बोललो नाही.

हळूहळू ती वॉकर घेऊन घरभर फिरायला लागली, पण बाथरूमच्या दाराशी आली की पाय उचलायचाच नाही. मग बायको तिला खुर्चीत बसवून अंघोळ घालायची. आई जन्मभर अंधारात उठून, अंघोळ उरकून शेवंती खुडायला गेलेली बाई. सुनेपुढं ती डोळे घट्ट मिटून बसायची. डॉक्टरांच्या मते हाड जुळलं होतं, भीती तेवढी उरली होती. आईचं म्हणणं सरळ होतं. पाय धरील असं काहीतरी खाली घाला, मग माझी मी अंघोळ करीन.

जाळीवर गोटे चिकटवलेली फरशी मिळते, ती न्हाणीला चांगली, असं कळलं आणि मी रविवारचा अंबडकडच्या टाइल्सच्या दुकानांतून हिंडायला लागलो. या वेळी नुसतं दिसण्यावर जायचं नाही हे ठरवलं होतं. जाळीचा तुकडा कोपऱ्याला धरून झटकायचो. एका दुकानात तीन-चार गोटे टपाटप खाली पडले आणि मालक माझ्याकडंच रागानं बघायला लागला. ओला रुमाल घासायचो, काळा रंग रुमालाला आला की पुढच्या दुकानात. तळहात फिरवून बघायचो, एखादा गोटा वर आलाय का. दोन तुकडे शेजारी ठेवून मधला सांधा दिसतो का तेही बघायचो. वरून चकचकीत लेप दिलेला असेल तर हात न लावताच बाहेर पडायचो.

शेवटी एका दुकानात मनासारखा माल सापडला. अंड्याएवढे गोल, सावळे, अख्खे गोटे. दुकानदारानं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि मी बघतच राहिलो. कोरडे असताना राखेसारखे दिसणारे दगड क्षणात हिरवट, जांभळट झाले. एकावर तर पांढरी रेघ जानव्यासारखी आडवी गेलेली. हे सगळं त्यांच्यात आधीपासूनच होतं, पाण्यानं फक्त दाखवलं. दुकानदार म्हणाला, नर्मदेकडचा माल आहे, साहेब, याला तोड नाही. मी लगेच आगाऊ रक्कम देणार होतो, पण आईनं घरून बजावलं होतं, पाय माझे ठेवायचेत, मी येणार.

पुढच्या रविवारी तिला रिक्षातून घेऊन गेलो. चपला तिनं दुकानाबाहेरच काढल्या. सिमेंटात बसवलेला नमुन्याचा पाट दुकानदारानं तिच्या पुढ्यात ठेवला, पाणी ओतलं. आईनं पाय पुढं केला, थबकली, मागे घेतला. आणि वॉकरवरचा एक हात सोडून तिनं त्या फरशीला नमस्कार केला.

दुकानदार हसला. "मावशी, टाइल आहे ती."

"असंल तुझी टाइल. आमच्या देव्हाऱ्यात अस्साच गोटा हाये, सासऱ्यानं आणलेला. त्याला रोज अंघोळ घालते मी. आता त्याच्यावर उभी राहून माझी करू?"

मला हसूही आलं नाही. मळ्याच्या बांधावर शेंदूर फासलेल्या असल्याच गोट्यापुढं मी लहानपणापासून नारळ फोडत आलोय. गोंद पाहिला, रंग पाहिला, सांधा पाहिला; आणि आईला देवावर उभं करायला निघालो होतो.

तिची नजर भिंतीशी टेकवलेल्या दुसऱ्या पाटाकडं गेली. तो मी स्वस्तातला म्हणून आधीच सोडला होता. दुकानदारानं सांगितलं, ते कापीव गोटे, मशीनवर काकडीसारख्या चकत्या करतात.

"सगळे कापलेले? अख्खा एकपण नाय?"

"एकपण नाही, मावशी."

"मग चालंल. भंगलेल्यात देव राहत नाय."

त्यानं तो पाट आणून आडवा ठेवला आणि पाणी ओतलं. या वेळी जे दिसलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आता दगडांचं पोट दिसत होतं. एकात एक गेलेली कडी, काळजासारखा लाल रंग, मधोमध खडीसाखरेसारखा चमकणारा कण. नदीनं लाखो वर्षं बाहेरून घासलं आणि आतलं कधी कुणाला दिसलंच नव्हतं. आईनं त्यावर आपला प्लेट टाकलेला पाय ठेवला.

पाट हलू नये म्हणून मी गुडघ्यावर बसून तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता. तिचं पाऊल माझ्या तोंडासमोर. मातीनं कायमच्या काळ्या झालेल्या भेगा, आणि दगड चाचपणारी बोटं. मला वर बघवेना. खाली बघूनच बोललो.

"आई, तुझ्या आधी मी पडलो होतो तिथं. आठवडाभर आधी. सांगितलं नाही."

दुकानदार उगाच दुसरीकडचे डबे सरळ करायला लागला. आईची बोटं थांबली.

"लागलं व्हतं?"

"कोपराला."

"बोलायचं ना मग."

एवढंच. आवाज चढला नाही, आणि जाऊ दे असंही ती म्हणाली नाही. आजही म्हणालेली नाही. जरा वेळानं बोटं पुन्हा दगडांवरून फिरायला लागली. दुसरा पायही तिनं वर घेतला.

"साबण मागून आण," ती म्हणाली. "नुसत्या पाण्यानं काय कळतं?"

दुकानदारानं बेसिनवरची वडी आणून दिली. मी माझ्या हातानं दगडांवर फेस केला, तिच्या बोटांच्या मधूनसुद्धा. ती जरा हलली, पायानं दगड दाबून बघितले, टाचेवर जोर दिला. मग म्हणाली, वॉकर बाजूला घे. मी घेतला, आणि हात तिच्या कमरेशी नेला. तिनं तो ढकलला.

ती उभी होती. फेसात, कशालाही न धरता.